सर्व्हरांमधील खासगी संदेश पीअर-टू-पीअर जाळ्यावरून पाठवावेत का?

सेतुबंध (धागालेखक)
वेगवेगळ्या सर्व्हरांवरील दोन सदस्यांना एकमेकांशी खासगी बोलायचे असेल, तर आज एक सर्व्हर दुसऱ्याचा पत्ता डोमेन नावावरून शोधतो आणि त्याच्याशी जोडणी करतो. ईमेलचा कारभार अनेक दशके असाच चालला आहे आणि २०१८ मध्ये मानक ठरलेल्या ॲक्टिव्हिटीपबनेही (वेगवेगळ्या समाजमाध्यम सर्व्हरांना जोडणाऱ्या नियमावलीनेही) हीच वाट धरली. त्यामुळे डोमेनचे नूतनीकरण राहून गेले, तर सर्व्हर सुरू असूनही त्यावरील सर्वांचे पत्ते निकामी होतात. माझे मत असे की या संदेशांसाठी सर्व्हरांनी लिबपीटूपीसारख्या सॉफ्टवेअरवर उभ्या पीअर-टू-पीअर जाळ्यावर, म्हणजे मध्यवर्ती यंत्रणेविना यंत्रे थेट एकमेकांशी जोडणाऱ्या जाळ्यावर यावे, कारण तेथे नोडची, म्हणजे जाळ्यातील प्रत्येक यंत्राची, ओळख त्याच्या सार्वजनिक किल्लीवरून (गुप्त खासगी किल्लीच्या जोडीने बनणाऱ्या, सर्वांना दाखवता येणाऱ्या संख्येवरून) ठरते आणि आयपी पत्ता बदलला तरी ती टिकते.

शंकेखोर
ज्याचा पत्ता घडोघडी बदलतो त्याला अशा जाळ्याची गरज असते. सर्व्हर म्हणजे तर कायम चालू असणारे आणि कायमच्या पत्त्यावर सापडणारे यंत्र. स्काइपचा इतिहास विसरू नये. डिसेंबर २०१० मध्ये विंडोजवरील एका आवृत्तीतील दोषामुळे त्याचे पुष्कळ सुपरनोड (इतरांना एकमेकांचा पत्ता शोधून देणारे वापरकर्त्यांचे संगणक) बंद पडले, उरलेल्यांवर भार कोसळला आणि सेवा सुमारे दिवसभर विस्कळीत राहिली. पुढे २०१२ मध्ये वापरकर्त्यांच्या संगणकांवरील सुपरनोड काढून कंपनीने ते काम आपल्याच सर्व्हरांकडे घेतले.

सेतुबंध
स्काइपमध्ये भार सामान्य वापरकर्त्यांच्या संगणकांवर होता, येथे तो जबाबदार व्यवस्थापक असलेल्या सर्व्हरांवर असेल. शिवाय प्रत्येक सर्व्हरला कायमचा पत्ता असतो हे गृहीतकच मला मान्य नाही, कारण घरच्या राउटरमागे चालणारे छोटे सर्व्हरही आहेत. ॲक्टिव्हिटीपब वापरणाऱ्या मास्टोडॉन या समाजमाध्यमावरील खासगी संदेश दोन्हीकडच्या व्यवस्थापकांना वाचता येतात, हेही लक्षात घ्यावे.

शंकेखोर
शेवटचा मुद्दा येथे गैरलागू आहे. एंड-टू-एंड एन्क्रिप्शनसाठी, म्हणजे फक्त दोन टोकांच्या व्यक्तींनाच वाचता येईल अशा कूटलेखनासाठी, पीअर-टू-पीअर जाळे लागत नाही. मेट्रिक्स या संदेशप्रणालीने ते डोमेनवर आधारलेल्या सर्व्हरांमध्येच करून दाखवले आहे. राउटरमागच्या सर्व्हरांचे म्हणाल, तर दोन्ही टोकांना सिमेट्रिक नॅट (प्रत्येक जोडणीला बाहेरचा वेगळा पत्ता-पोर्ट देणारा राउटर) असल्यास होल पंचिंग, म्हणजे राउटरमधून थेट वाट काढण्याची युक्ती, बहुधा फसते आणि रिलेचा, म्हणजे मधे राहून संदेश पुढे देणाऱ्या यंत्राचा, आधार घ्यावा लागतो. त्या रिलेला मजकूर दिसणार नाही, पण कोणता सर्व्हर कोणाशी आणि केव्हा बोलतो हे दिसेल. मध्यस्थ टाळायला निघालेल्या योजनेत नवा मध्यस्थ आला, एवढेच.

नेमस्त
दोघेही ज्या प्रश्नाला बगल देत आहेत तो असा: घेणारा सर्व्हर बंद असताना संदेश कोणी सांभाळायचा? ईमेलमध्ये पाठवणारा सर्व्हर तो आपल्या रांगेत ठेवतो आणि साधारणपणे चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. जाळ्यातील तिऱ्हाईत नोडवर तो ठेवायचा म्हटले, तर कोणाच्या डिस्कवर, किती दिवस आणि पुसण्याचा अधिकार कोणाला, हे आधी ठरवावे लागेल. दुसरी अडचण उपद्रवी संदेशांची. डोमेनला निदान पैसे पडतात, किल्ल्या मात्र फुकट हजारोंनी बनवता येतात. एकाने अनेक ओळखी घेऊन जाळे ताब्यात घेण्याच्या या धोक्याचे वर्णन संशोधक जॉन डूसर यांनी २००२ मध्येच सिबिल हल्ला या नावाने केले होते. म्हणून अनेक नोडांवर विखुरलेल्या पत्त्यांच्या तक्त्याचा, म्हणजे डीएचटीचा, उपयोग फक्त पत्ता शोधण्यापुरता करावा आणि संदेश पाठवणाऱ्याच्याच रांगेत राहू द्यावा, असे मला वाटते.

सेतुबंध
रांगेची सूचना योग्य आहे, मी ती या प्रस्तावाच्या मसुद्यात घेतो. अनोळखी किल्लीकडून आधी केवळ परवानगीची छोटी विनंती स्वीकारली, तर उपद्रवही बराच आटोक्यात राहील.

शंकेखोर
विनंत्यांचाच पूर आला तर? तेही असो. डोमेन मुदतीत सोडवून घेता येते, डोमेन नोंदवून देणाऱ्या कंपनीकडे दाद मागता येते. सर्व्हरची डिस्क गेली आणि तिच्याबरोबर खासगी किल्लीही गेली, तर दाद मागायला कोणीच नसते. किल्ली हरवल्यावर किंवा चोरीला गेल्यावर जुनी ओळख नव्या किल्लीकडे कशी सोपवायची, हे मसुद्यात आल्याशिवाय या प्रस्तावाला माझा विरोध कायम आहे.