साल्मनसाठी ओढ्याकाठची जमीन विकत का घेतात?

प्रश्न (बेलव्ह्यू, वॉशिंग्टन): ऑक्टोबरात मुलांना इसाक्वा क्रीक या ओढ्यावर साल्मन मासे दाखवायला नेलं. मासेमारीवर बंधनं आहेतच, मग संस्था काठची जमीन का घेतात?

उत्तर १: अहो, सगळा खेळ काठावरच आहे! मादी शेपटीने खडी उकरून अंडी घालते, वर पुन्हा खडी लोटते. त्या फटींतून गार पाणी खेळतं राहायला हवं. काठची झाडं तोडली की माती वाहून येते, फटी बुजतात, अंडी गुदमरतात. सावली गेली की पाणीही तापतं. आम्ही रविवारी काठावर रोपं लावतो, तेव्हा ओढ्यात आडवा पडलेला ओंडका कोणाला हलवू देत नाही. त्याच्यामागे डोह होतो आणि पिल्लं तिथेच दडतात.

प्रश्नकर्ता: पटलं. पण एवढी जमीन घेणार कोण?

उत्तर २ (उत्तर कॅलिफोर्निया): आमच्याकडचा ब्लू क्रीक बघा, क्लॅमथ नदीला मिळणारा ओढा. क्लॅमथ नदी उन्हाळ्यात तापते, तेव्हा अंडी घालायला समुद्रातून वर निघालेले साल्मन या ओढ्याच्या गार पाण्याशी थांबतात. भोवतालचं जंगल लाकूड कंपनीचं होतं. वेस्टर्न रिव्हर्स कॉन्झर्व्हन्सी या संस्थेने वर्षानुवर्षं पैसा उभा करत ते टप्प्याटप्प्याने घेतलं आणि यूरोक या तिथल्या मूळनिवासी लोकांच्या हवाली केलं. 2025 मध्ये हे काम पुरं झालं, सुमारे 47,000 एकर! जमीन मूळची त्यांचीच, म्हणून मला याचं फार मोल वाटतं.

उत्तर १: दर वेळी खरेदीच लागते असंही नाही. मालकी ठेवून फक्त बांधकामाचे हक्क कायमचे सोडून देणारा करारही होतो. रोपं लावायला मुलांना जरूर आणा, गमबूट मात्र हवेत.