एसटीपीची मेंब्रेन दर तीन आठवड्यांनी चोक होते : बदलावी की धुवावी?

सोसायटी सचिव, वाघोली

नमस्कार. आमच्या गृहनिर्माण संस्थेत दररोज १२० घनमीटर सांडपाण्यावर प्रक्रिया करणारा एमबीआर पद्धतीचा (जीवाणू आणि पाणी गाळणारी मेंब्रेन एकत्र वापरणारा) एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प, आहे. शुद्ध झालेले पाणी आम्ही फ्लशिंगसाठी आणि बागेसाठी वापरतो. त्यामुळे प्लांट बंद पडला की त्याच दिवशी जास्तीचे टँकर मागवावे लागतात. पोकळ तंतूंच्या पीव्हीडीएफ (एक प्रकारचे प्लास्टिक) मेंब्रेनचे एकूण क्षेत्रफळ ३०० चौरस मीटर आहे. पहिली दोन वर्षे टीएमपी, म्हणजे पाणी ओढताना मेंब्रेनच्या दोन बाजूंमध्ये पडणारा दाबाचा फरक, ८ ते १० किलोपास्कल राहत असे आणि वर्षातून दोनदा रासायनिक धुलाई केली की काम भागत असे. गेल्या दिवाळीपासून मात्र तो तीन आठवड्यांत ३५ पर्यंत चढतो. हायपोने (सोडियम हायपोक्लोराइटने) धुतल्यावर १५ पर्यंत उतरतो, पण पूर्वीच्या पातळीवर येत नाही. एमएलएसएस, म्हणजे टाकीतील पाण्यात तरंगणाऱ्या गाळाचे प्रमाण, लिटरमागे १४,००० मिलिग्रॅम आहे. टाकीत हवा सोडणाऱ्या ब्लोअरच्या आवाजाबद्दल रहिवाशांची तक्रार आल्यापासून रात्री १० ते सकाळी ६ प्लांट बंद असतो. दिवसा ९ मिनिटे पाणी ओढणे आणि १ मिनिट विश्रांती असे चक्र चालते. ठेकेदार सर्व मेंब्रेन बदलण्यास सांगत आहे. एवढा खर्च सभासदांपुढे मांडण्याआधी दोष खरोखर मेंब्रेनचाच आहे का, हे मला समजून घ्यायचे आहे.

निवृत्त प्लांट अभियंता, भोसरी

सचिव महोदय, उत्तराचा मोठा भाग आपण लिहिलेल्या आकड्यांतच आहे. १२० घनमीटर पाणी २४ तासांत ओढले तर दर चौरस मीटरमागे तासाला साधारण १६.७ लिटर पडतात. तेच पाणी १६ तासांत ओढायचे तर २५ लिटर होतात, आणि त्यातून विश्रांतीचा दहावा भाग वजा केला की प्रत्यक्ष ओढण्याचा वेग २८ च्या जवळ जातो. घरगुती सांडपाण्यावरील अशा मेंब्रेन सहसा १५ ते २५ च्या दरम्यान चालवतात. प्रत्येक प्लांटच्या स्लजनुसार, म्हणजे टाकीतील जीवाणूंच्या गाळानुसार, एक मर्यादा असते. तिच्या खाली टीएमपी महिनोन्महिने हळूहळू चढतो आणि ती ओलांडली की हवेच्या बुडबुड्यांनी निघून जाईल त्यापेक्षा अधिक गाळ मेंब्रेनकडे खेचला जातो. या मर्यादेला क्रिटिकल फ्लक्स म्हणतात आणि ही संकल्पना १९९५ मध्ये मांडली गेली. आपला प्लांट दिवाळीपासून रोज ही मर्यादा ओलांडत असावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

रात्रीच्या बंदचा दुसरा परिणाम याहून वाईट आहे. ब्लोअर थांबला की १४,००० मिलिग्रॅमचा दाट स्लज तंतूंच्या जुडग्यांमध्ये बसतो आणि सकाळच्या हवेने तो पूर्ण सुटत नाही. शिवाय आठ तास प्राणवायू न मिळालेले जीवाणू प्रथिने आणि शर्करायुक्त चिकट द्रव्ये पाण्यात सोडतात, आणि मेंब्रेनची छिद्रे बुजवण्यात याच चिकट द्रव्यांचा वाटा मोठा असतो. थंडीत पाण्याचे तापमान ३० वरून २० अंशांवर आले तर पाणी सुमारे २५ टक्के अधिक घट्ट होते आणि तेवढ्याच प्रवाहासाठी टीएमपी आणखी चढतो. दिवाळीनंतरचा चढ पाहताना हेही लक्षात घ्यावे.

माझा आग्रह असा, की ब्लोअर बंद करण्याऐवजी त्याला ध्वनिरोधक कव्हर, सायलेन्सर आणि खाली रबरी पॅड बसवावेत. २४ तास चालवल्यास विश्रांती धरूनही वेग १८.५ च्या आसपास येईल. एमएलएसएस ८,००० ते १२,००० मध्ये आणण्यासाठी रोज थोडा थोडा स्लज काढावा. एकाच दिवशी निम्मी टाकी रिकामी करू नये. पातळ झालेला, बिथरलेला स्लजही मेंब्रेन तितकीच खराब करतो.

जलरसायन सल्लागार, कोथरूड

वरील विश्लेषणाशी मी सहमत आहे, पण हायपोनंतर टीएमपी १५ वरच का अडकतो, हा प्रश्न त्याने सुटत नाही. हायपो सेंद्रिय थर आणि जीवाणूंचा थर जाळते, मात्र क्षार विरघळवत नाही. वाघोलीसारख्या भागात टँकरने येणारे बोअरचे पाणी बहुधा जड असते, तर खडकवासल्याचे पाणी तुलनेने मृदू आहे. मेंब्रेनच्या टाकीत जोराने हवा सोडली की पाण्यातील कार्बन डायऑक्साइड निघून जातो, सामू (पीएच) वाढतो आणि कॅल्शियम कार्बोनेट तंतूंवर बसू लागते. याची खात्री करणे सोपे आहे. एका मॉड्यूलमधील (तंतूंच्या संचातील) तंतू साध्या पाण्याने धुऊन बोटांत धरा. तपकिरी बुळबुळीत थर असेल तर तो सेंद्रिय आहे. खरखरीत पांढरा थर असेल आणि सायट्रिक आम्लाच्या थेंबाने फसफसला तर तो क्षारांचा आहे.

क्षार आढळल्यास सामू २ ते ३ ठेवून सायट्रिक आम्लाने धुवावे. भिजवण्याचा काळ मेंब्रेनच्या उत्पादकाच्या पुस्तिकेप्रमाणे घ्यावा. हायपो आणि आम्ल कधीही एकत्र येऊ देऊ नयेत, कारण त्यातून क्लोरिन वायू निघतो. दोन धुलायांमध्ये टाकी आणि नळ्या भरपूर पाण्याने धुणे अनिवार्य आहे. आणखी एक कळकळीची विनंती: गाळ काढण्यासाठी कामगाराला टाकीत उतरवू नये. साचलेल्या स्लजमधून निघणारा हायड्रोजन सल्फाइड काही क्षणांत शुद्ध हरपवतो. मॉड्यूल क्रेनने वर घ्यावे.

हायपोचा मारा वाढवणे हा उपाय नव्हे. दर धुलाईबरोबर मेंब्रेनचे आयुष्य घटते, आणि आपण तर वर्षातल्या दोन धुलायांवरून तीन आठवड्यांवर आला आहात.

एसटीपी ऑपरेटर, बाणेर

ड्रम स्क्रीन, म्हणजे सांडपाण्यातील कचरा आधीच अडवणारी जाळी, पाहिलीत का? आमच्याकडे जाळी एका कडेने फाटली होती. त्यातून केस आणि कपड्यांचे धागे आत गेले आणि तंतूंच्या मुळाशी दोरखंडासारखे वळले गेले. ते कोणत्याही रसायनाने निघत नाहीत. मॉड्यूल वर घेऊन हाताने सोडवावे लागतात. तंतूंवर उच्च दाबाचा पाण्याचा फवारा मारू देऊ नका, तंतू तुटतात. पोकळ तंतूंसाठी जाळी २ मिलिमीटरपेक्षा मोठी नसावी.

सोसायटी सचिव, वाघोली

सर्वांचे मनापासून आभार. काल मॉड्यूल वर घेतले. तळाशी केसांचा गुंता आहेच, आणि तंतूंवर आम्लाचा थेंब टाकताच फेस आला. ड्रम स्क्रीनच्या जाळीला हाताएवढी फट आहे, तिची दुरुस्ती आजच सांगितली आहे. समितीने ब्लोअरला कव्हर बसवण्यास मंजुरी दिली असून ते येईपर्यंत रात्री मेंब्रेनच्या टाकीतील हवा दर तासाला दहा मिनिटे चालू ठेवण्यास शेजारच्या इमारतीतील रहिवाशांनी संमती दिली आहे. मेंब्रेन बदलण्याचा विषय या महिन्याच्या सभेच्या कार्यक्रमपत्रिकेतून काढला आहे. आम्लधुलाई रविवारी आहे. त्यानंतरचे टीएमपीचे रोजचे आकडे येथे देईन.

निवृत्त प्लांट अभियंता, भोसरी

आकड्यांसोबत पाण्याचे तापमान आणि त्या वेळचा प्रवाहही नोंदवा. प्रवाह नोंदवला नसेल, तर नुसत्या टीएमपीवरून मेंब्रेन सुधारली की फक्त पाणी कमी ओढले गेले, हे ठरवता येणार नाही.