सार्कोपेनिया: 'स्नायुक्षय' चालेल का?

एका आरोग्यपुस्तिकेचं भाषांतर करतेय. त्यात 'सार्कोपेनिया' पानोपानी येतो. वयानुसार स्नायू आणि त्यांची ताकद कमी होणं, असा अर्थ. मी 'स्नायुक्षय' लिहून मसुदा सासूबाईंना वाचायला दिला. त्या म्हणाल्या, "अगं, क्षय स्नायूंनाही होतो? मग भांडी वेगळी ठेवायची का?" दुसरा शब्द सुचवा.

प्रतिसाद १
सासूबाईंचं बरोबर आहे. आयुर्वेदात 'मांसक्षय' आहे. सुश्रुतसंहितेत कुल्ले, गाल, मांड्या, पोटऱ्या सुकतात असं त्याचं वर्णनही येतं. पण आज मराठी कानाला क्षय म्हणजे टीबीच. मूळ शब्द तसा अलीकडचा. १९८८ साली अमेरिकेत आल्बुकर्कीच्या एका बैठकीत आयर्विन रोझेनबर्ग यांनी सुचवलेला. ग्रीक 'सार्क्स' म्हणजे मांस, 'पेनिया' म्हणजे दारिद्र्य, उणीव. नाव दिल्याशिवाय या प्रकाराकडे कुणी लक्ष देणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

प्रतिसाद २
'मांसपेशी' मात्र नको. हिंदीत तो स्नायू, पण मराठीत पेशी म्हणजे शरीराचा सूक्ष्म घटक. गंमत म्हणजे सुश्रुताच्या ५०० पेशी हे आपले स्नायू, आणि त्याचे ९०० स्नायू म्हणजे बांधून ठेवणाऱ्या दोऱ्या! (अवांतर: इंग्रजी 'मसल'च्या मुळाशी लॅटिनमधला छोटा उंदीर आहे. आपल्या दंडावर बेडकुळी फुगते. प्राणी बदलला, कल्पना तीच.)

प्रतिसाद ३
मी फिजिओथेरपिस्ट आहे. निदानाची सुरुवात आता स्नायूंच्या आकारापेक्षा ताकदीपासून होते. आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९च्या निकषांत हाताची पकड पुरुषांत २८ किलोच्या, बायकांत १८ किलोच्या खाली गेली की ती कमी धरतात. नुसती ताकद घटते त्याला 'डायनापेनिया' हा वेगळा शब्दही २००८ साली आला. म्हणून शब्दात बळ आलं तर बरं.

'क्षय' काय किंवा त्याऐवजी कुणी 'ऱ्हास' सुचवला तर तो काय, दोन्हींवर माझा खरा आक्षेप वेगळाच आहे. ऐकणाऱ्याला वाटतं, गेलं ते गेलं. १९९० साली बॉस्टनच्या संशोधकांनी वृद्धाश्रमातल्या, नव्वदीच्या आसपासच्या १० जणांकडून मांड्यांचे व्यायाम करून घेतले, तेही चांगली वजनं लावून. ज्यांनी ८ आठवडे पुरे केले त्यांची ताकद सरासरी १७४ टक्के वाढली. मांडीच्या स्नायूचा आकार मात्र ९ टक्केच.

पेशंटशी बोलताना मी 'मांड्या उतरल्यात' म्हणते. पाटल्या मनगटावरून कोपरापर्यंत सरकायला लागल्या की घरचेही 'अंग उतरलं' असंच म्हणतात. उतरलेलं अंग भरतंसुद्धा. क्षयाला असा जोडीदार कुठाय?

मूळ प्रश्नकर्ती
'उतरणे' पटलं. शीर्षकात सार्कोपेनिया ठेवते, खाली 'उतारवयात स्नायू आणि बळ उतरणे'. जरा लांब आहे, पण सासूबाईंनी न अडखळता वाचलं. पुढे पुस्तिकेत खुर्चीची चाचणी आहे: हात छातीशी बांधून पाच वेळा उठायचं, १५ सेकंदांहून जास्त लागले तर ताकद कमी. ती त्यांनी लगेच करून पाहिली. चौथ्या वेळी हात टेकला, तो मोजायचा नाही म्हणाल्या.