शीआनला दोन दिवस द्यावेत का? आईबाबा सोबत आहेत

भटका_पुणेकर
ऑक्टोबरात कामासाठी बीजिंगला जातोय, आईबाबा पण येतायत. काम झाल्यावर दोन दिवस मोकळे आहेत. ऑफिसातला एकजण म्हणतो शीआनला जा, चीनच्या पहिल्या सम्राटाच्या थडग्याजवळ पुरलेले मातीचे सैनिक बघून ये, दुसरा म्हणतो फोटोत दिसतं तेवढंच आहे, उगाच धावपळ. बाबांना इतिहास म्हटलं की तहानभूक लागत नाही. आईचे गुडघे दुखतात आणि ती शुद्ध शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. जेवणाचे हाल होणार का ते आधी सांगा, बाकीचं नंतर.

रानवारा_७
आम्ही एप्रिलमध्ये जाऊन आलो. सैनिकांचं म्हणाल तर पहिल्या पिटात, म्हणजे छत घातलेल्या उत्खननाच्या खड्ड्यात, शिरल्यावर विमानाच्या हँगरमध्ये आल्यासारखं वाटतं, २३० मीटर लांब आहे तो, आणि कठड्याशी माणसांच्या चार रांगा, सगळ्यांचे हात वर, हातात मोबाइल. मला पहिली दहा मिनिटं सैनिकांपेक्षा लोकांचे मोबाइलच दिसले. नवरा तर म्हणाला चला झालं बघून. पण मागच्या बाजूला गेलात की तुकडे जोडायचं काम चालू असलेले पुतळे उभे असतात, कुणाला डोकं नाही, कुणाला हात नाही, ते मला रांगेतल्या अख्ख्या सैनिकांपेक्षा जास्त आवडले. दुसऱ्या पिटात काचेत एक गुडघा टेकून बसलेला धनुर्धारी आहे. त्याच्या मागे जाऊन वाका आणि बुटाचा तळवा बघा, शिवणीचे टाके एकेक करून कोरलेत!! जमिनीत पुरायच्या पुतळ्याच्या तळव्याला!

आमची फजिती पण सांगते. स्टेशनबाहेर एका ड्रायव्हरने "म्युझियम, म्युझियम" करत गाडीत बसवलं आणि नेलं कुठे तर पुतळे विकणाऱ्या कारखान्यात. तास गेला, वर सासूबाईंनी दोन सैनिक विकत घेतले, आता शोकेसमध्ये गणपतीशेजारी उभे आहेत. जागा शहरापासून ३५-४० किलोमीटर आहे, मेट्रो आणि पुढे बस घ्या सरळ.

शांघायची_सून
जेवणाचं मी सांगते, सात वर्षं इथे काढलीत. हाल नाही होणार पण डोळ्यात तेल घालून बघावं लागेल. शीआनचा सगळ्यात प्रसिद्ध पदार्थ म्हणजे पाओमो, मटणाच्या रश्श्यात रोटीचे तुकडे, रोटी आपणच बारीक कुस्करून द्यायची, तो आईंसाठी बाद. पण लिआंगपी मागा, थंडगार रुंद शेवया, काकडी, मोड आलेलं कडधान्य, व्हिनेगर आणि लाल तिखटाचं तेल. आणि बियांगबियांग नूडल्स, पट्ट्यासारख्या रुंद, वर तिखट आणि लसूण ठेवून कडकडीत तेल ओततात, चर्र आवाज येतो, डिट्टो आपली फोडणी. मात्र खिम्याशिवाय द्या असं ठासून सांगा. "वो छ्र सू" म्हणजे मी शाकाहारी, पण नुसतं बोलू नका, चिनी लिपीत लिहून मोबाइलवर दाखवा, कारण आपला उच्चार त्यांना कळत नाही आणि सूप हाडांचं असलं तरी त्यात मांस नाही असं ते प्रामाणिकपणे सांगतात. मेतकूट आणि खाकरे असू द्या बॅगेत, तेवढाच आधार.

आणि तारीख बघा हो! १ ऑक्टोबरपासून आठवडाभर अख्ख्या चीनला सुट्टी असते, त्या दिवसांत चुकूनही नको. पासपोर्ट सतत जवळ ठेवा, तिकिटं त्यावरच असतात. फोनवरचं पैशाचं ॲप भारतातूनच सुरू करून या.

जुनी_बखर
सगळे सैनिकांवरच अडकलेत. बाबांना इतिहास आवडतो ना, मग मोठ्या जंगली हंसाच्या पॅगोडाला, म्हणजे जुन्या बौद्ध मनोऱ्याला, न्या. शाळेच्या पुस्तकातला युआन श्वांग आठवतोय? तो ६४५ मध्ये भारतातून परत आला तो याच शहरात, तेव्हाचं नाव चांगआन, सोबत ६५७ ग्रंथ. ते ठेवायला ६५२ मध्ये हा पॅगोडा बांधला. आपल्याकडे येऊन गेलाय तो, पुलकेशीच्या राज्यात. महाराष्ट्रातल्या लोकांबद्दल लिहिलंय की उपकार विसरत नाहीत आणि अपमान झाला की सूड घेतल्याशिवाय राहत नाहीत, लढाईआधी हत्तींना दारू पाजतात. पॅगोडासमोर त्याचा भलामोठा पुतळा आहे, मी तिथे उभा राहून हे बायकोला वाचून दाखवलं तर ती म्हणे चौदाशे वर्षांत काहीच बदललं नाही.

वर चढायचे जिने उभे आहेत, आईंना खालीच बसवा.

रानवारा_७
@जुनी_बखर पॅगोडा ठीक, पण मला विचाराल तर तटबंदी. मिंग राजघराण्याच्या काळातली, जवळपास १४ किलोमीटर, अख्ख्या जुन्या शहराभोवती अजून सलग उभी आहे. वर सायकल भाड्याने मिळते, विटांवरून हाडं खिळखिळी होतात पण संध्याकाळी कंदील लागले की बास. आईंसाठी बॅटरीवरच्या गाड्या आहेत.

भटका_पुणेकर
सगळ्यांचे आभार, तिकिटं बघतोय, बुलेट ट्रेनने साडेचार-पाच तास दाखवतंय. हत्तींचं बाबांना वाचून दाखवलं, तेव्हापासून ते मूळ संदर्भ शोधत बसलेत आणि आई विचारतेय मेतकूट कस्टममध्ये अडवत नाहीत ना?