महापालिकेच्या शाळेसाठी पालकांनी पैसे गोळा करावेत का?

पूर्व भागातली आई

जानेवारीत आमच्या सोलापूरच्या पूर्व भागातल्या महापालिकेच्या प्राथमिक शाळेत पालकांनी आनंद मेळावा भरवला. पटांगणात खाण्याचे स्टॉल, मुलांचे खेळ आणि चौथीच्या मुलांनी बसवलेला, 1931 मध्ये फाशी गेलेल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांवरचा नाट्यप्रवेश. जमलेल्या पैशांतून गोष्टींची पुस्तकं आणि एक कपाट घेतलं. त्यावरून पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दोन तट पडले. एका वडिलांनी लिहिलं, "शाळा महापालिकेची आहे, पैसे आपण का जमवायचे? घरपट्टीच्या बिलात शिक्षण कर भरतोच की." त्याला भरपूर अंगठे पडले. तिथे एका ओळीत उत्तर देता येईना, म्हणून इथे लिहितेय.

पहिलं म्हणजे वर्गणीचं आपल्याला वावडं नाही. गणपती, जयंत्या, नारळी पौर्णिमेचा मार्कंडेय रथोत्सव, प्रत्येकाला आपण देतो. मिरवणुकीचा खर्च उचलताना हे काम कोणाचं, असं कोणी विचारत नाही. मग जिथे आपलं मूल रोज पाच-सहा तास बसतं, तिथेच हा प्रश्न का यावा?

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के पालक ठेवले आहेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका. पण आमच्याकडे समिती म्हणजे रजिस्टर घरी यायचं आणि सही करून परत जायचं. मेळाव्यानंतरच्या बैठकीला मात्र बसायला जागा पुरली नाही. आपले पैसे होते, म्हणून लोकांनी हिशेब मागितला. आपला हिशेब पाहून झाल्यावर एका आजोबांनी विचारलं, "आणि सरकारकडून काय येतं?" तेव्हा समजलं की 101 ते 250 पटाच्या शाळेला समग्र शिक्षा या सरकारी योजनेतून वर्षाला 50 हजारांपर्यंत संयुक्त शाळा अनुदान असतं आणि त्यातले किमान 10 टक्के स्वच्छतेवर खर्चायचे असतात. आम्ही समितीत असून हा प्रश्न तोवर कोणी विचारलाच नव्हता.

आणि त्या दिवशी जे पाहिलं ते कुठल्या पालकसभेत दिसलं नव्हतं. तेलुगू घरांतून तांदळाच्या पिठाचे तळलेले सकिनालू आले, कन्नड घरांतून शेंगा पोळ्या. कडक भाकरी आणि शेंगा चटणी तर तासाभरात संपली. नाट्यप्रवेशात हुतात्मा कुर्बान हुसेन झालेल्या मुलाच्या आईला मराठी तुटकंच येतं, सभेत ती कायम मागे बसते. पण मुलाचे संवाद घरी ऐकून ऐकून तिला पाठ झाले होते. तो अडखळला आणि पुढचं वाक्य तिने समोरून मोठ्याने दिलं. नंतर ती स्वतःहून बाईंना भेटली आणि त्याला वाचताना कुठे अडतं ते विचारून गेली.

शाळेला पालकांची गरज आहे आणि पालकांना शाळेत यायला काहीतरी निमित्त लागतं. मेळावा हे सगळ्यात चांगलं निमित्त आहे, असं माझं ठाम मत आहे.

होटगी_रोडकर

ताई, तुमच्या कष्टांबद्दल आदर आहे, पण मी पूर्ण विरोधात आहे.

शिक्षण हक्क कायदा 2009 चं परिशिष्ट काढून बघा. प्रत्येक शिक्षकामागे एक वर्गखोली, मुलामुलींना वेगळी स्वच्छतागृहं, पिण्याचं सुरक्षित पाणी, मैदान, कुंपण आणि ग्रंथालय. ग्रंथालयात वृत्तपत्रं, मासिकं, सगळ्या विषयांची पुस्तकं, गोष्टींची पुस्तकंसुद्धा. म्हणजे ज्या पुस्तकांसाठी तुम्ही भजी तळलीत ती मुलांना आधीच देणं लागत होती.

आता पुढे काय होणार ते सांगतो. समितीला शाळा विकास आराखडा करायचा असतो. त्यात ग्रंथालयापुढे आता "उपलब्ध" लिहिलं जाईल. मागणीच संपली. यंदा पुस्तकं, पुढच्या वर्षी पाण्याची टाकी, त्याच्या पुढच्या वर्षी स्वच्छतागृहाची दारं. दरवेळी गरज खरी असणार आणि दरवेळी ती पालक भागवणार. प्रशासनाला याहून सोयीचं काय आहे?

शिवाय ज्या शाळेचे पालक यंत्रमागावर आणि विड्यांवर जगतात त्यांचा मेळावा किती जमवणार, आणि जुळे सोलापूरच्या खासगी शाळेचा किती? पालकांच्या खिशावर शाळा सोडली की गरिबांची शाळा गरीबच राहते. सरकारी शाळा काढल्या त्या नेमकं हे होऊ नये म्हणून.

मागावरचा

कायद्यात लिहिलंय ते बरोबर. पण माझी पोरगी आत्ता दुसरीत आहे. फाईल मंजूर होईल तेव्हा ती सातवीत असेल. तिला पुस्तक आज पाहिजे. मी स्टॉल बांधायला रात्रपाळी करून गेलो होतो, कोणी जबरदस्ती केली नव्हती.

विडीवाल्या_घरची

माझं शिक्षण अशाच शाळेत झालं. आई विड्या वळायची. म्हणून दोन गोष्टी सांगते, दोन्ही मेळाव्यात खपणाऱ्यांना दिसत नाहीत.

एक, विडीची मजुरी हजारावर असते. पानं भिजवायची, कापायची, वळायची, दोरा बांधायचा आणि कारखान्यात माल द्यायचा. त्यातही काही विड्या छाट म्हणून बाजूला काढतात. एक दिवस स्टॉलवर उभं राहायचं म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली. आदल्या दिवशी घरी पदार्थ करण्यात गेलेला वेळ वेगळाच. हा हिशेब कुठल्याच जमाखर्चात येत नाही. "मातांचा उत्स्फूर्त सहभाग" एवढं लिहून मोकळे.

दोन, माईक. आमच्या वेळी गॅदरिंगला देणगीदारांची नावं वाचायचे. अमक्यांचे 501, तमक्यांचे 1,001. ज्यांच्या वडिलांचं नाव यायचं ती मुलं मागे वळून आमच्याकडे बघायची. सात-आठ वर्षांच्या मुलाला सगळं कळतं. शाळेत सगळ्यांना एकसारखा गणवेश असतो तो ज्यासाठी, ते एका माईकने पुसून जातं.

मेळावा चांगला की वाईट हे मी सांगत नाही. पण ज्या शाळेत निम्म्या आया विड्या वळतात, तिथे पैसे उभे करण्याचा कार्यक्रम करताना आधी त्यांना विचारलं का, हे मला जाणून घ्यायचंय.

पूर्व भागातली आई

विचारलं. माता पालक गटाच्या बैठकीत तेच आधी ठरलं. प्रत्येक मुलामागे अमुक रक्कम नाही, कूपनं मुलांच्या हातात विकायला द्यायची नाहीत, कोणाचं नाव वाचायचं नाही आणि फलकावरही लिहायचं नाही. ज्यांनी पदार्थ केले त्यांचा सामानाचा खर्च आधी हातात दिला, उरलं ते शाळेला. खाण्याचं सगळ्यात मोठं कूपन दहा रुपयांचं होतं आणि खेळ सगळे फुकट होते.

बुडालेली मजुरी भरून देणं आम्हाला जमलं नाही, हे खरं आहे. म्हणूनच स्टॉलवर अर्ध्या-अर्ध्या तासाच्या पाळ्या लावल्या आणि जास्त वेळ वडिलांनी उभं राहायचं असं सांगितलं. काही राहिले.

होटगी रोडकर, तुमच्या मुद्द्यातला एक भाग मला पटत नाही. मेळाव्याआधी कित्येक वर्षं कोणी पैसे जमवत नव्हतं. तेव्हा तरी ग्रंथालय कुठे मिळालं? मागणी संपेल म्हणता, पण मागणी करणारंच कोणी नव्हतं. आता आहेत.

गुरुजी_निवृत्त

महापालिकेच्या शाळांत नोकरी केली, म्हणून शिक्षकाच्या बाजूने लिहितो.

वरून येणाऱ्या जवळजवळ प्रत्येक अहवालात लोकसहभागाचा रकाना असतो. किती रुपयांचा, कोणाकडून. तो रिकामा राहिला की मुख्याध्यापकाला बैठकीत उभं करतात. त्यामुळे जो मेळावा पालकांच्या हौसेने सुरू होतो, तो तिसऱ्या वर्षी मुख्याध्यापकाच्या मानेवर बसतो. मग वर्गशिक्षिका पालकांना फोन करू लागतात. शिकवायचे तास कूपनांत जातात. मुलाच्या बाईंचा फोन आला की गरीब पालक नाही म्हणू शकत नाही. उसने आणून देतो. हे मी पाहिलं आहे.

आणि पालकांना शाळेत आणायला पैशाचं निमित्त लागतं, हे मला मुळीच मान्य नाही. 2022 पासून राज्यभर शाळापूर्व तयारीचे "पहिले पाऊल" मेळावे होतात. त्यात एक रुपयाही गोळा करत नाहीत. पहिलीत येणारं मूल आईबरोबर एकेका टेबलावर जातं. एका ठिकाणी उड्या मारतं, दुसरीकडे वस्तूंचे गट लावतं, तिसरीकडे चित्र बघून गोष्ट सांगतं, पुढे मोजतं. शेवटी आईला घरी काय करून घ्यायचं ते समजावतात. एरवी फाटकातून मूल सोडून निघून जाणाऱ्या आया तिथे तासभर थांबतात. कारण तिथे त्यांच्या मुलाबद्दल बोलणं होतं.

ताई, तुमच्या मेळाव्यात ती मागे बसणारी आई बाईंशी बोलली, ते कूपनामुळे नव्हे. मुलगा रंगमंचावर होता म्हणून. तो प्रवेश वर्षातून तीनदा करा. स्टॉल नसले तरी ती येईल.

मागावरचा

गुरुजी, ती येईल. बाप येणार नाहीत. आमच्यासारख्यांना काम दिलं तर आम्ही येतो. मांडव बांधा, वायर ओढा, पाण्याचे जार आणा. नुसतं खुर्चीवर बसून ऐकायचं म्हटलं की पाळी आठवते.

हिशेबनीस

मत दोन्हीकडे आहे, त्यात पडत नाही. पण एवढं करून घ्या. पैसे कोणाच्या गुगल पेवर ठेवू नका. समितीच्या बँक खात्यात भरा, सह्या अध्यक्ष आणि मुख्याध्यापक अशा दोघांच्या. दुकानाचं बिल शाळेच्या नावाने. आणि कपाट डेड स्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या कायमच्या वस्तूंच्या नोंदवहीत, चढवलंय का ते आजच बघा. मुख्याध्यापकांची बदली झाली आणि वस्तू रजिस्टरला नसली, तर ती कोणाचीच नसते. जमाखर्च सूचनाफलकावर लावा, मराठीबरोबर तेलुगू आणि उर्दूतही. ज्यांनी दहा रुपये दिले त्यांना तो वाचता आला पाहिजे.

एक धोक्याची सूचनाही देतो. मुलांना शाळेत प्रवेश देताना चुकूनही देणगीची पावती फाडू नका. अधिसूचित फी सोडून प्रवेशासाठी घेतलेली कसलीही देणगी कायद्याने कॅपिटेशन फी ठरते, दंड तिच्या दहापटीपर्यंत. जूनमध्ये उत्साहाच्या भरात कोणीतरी "शाळेला थोडी मदत करा" म्हणतो आणि सगळ्यांच्या कामाला डाग लागतो.

होटगी_रोडकर

ताई विचारतात, आधी ग्रंथालय कुठे मिळालं? मान्य, मिळालं नाही. पण बैठकीला जी माणसं जमली, त्यांनी 50 हजारांचा प्रश्न विचारला आणि पुढे? मनपा शिक्षण मंडळाच्या प्रशासनाधिकाऱ्यांकडे समितीच्या ठरावासह लेखी मागणी गेली का? ती गेली नसेल, तर कपाट आलं एवढंच झालं. माझा विरोध पालकांनी एकत्र येण्याला नाही. एकत्र आलेल्या माणसांची ताकद भजी तळण्यात संपते, त्याला आहे.

पूर्व भागातली आई

संपलेली नाही. ठराव झाला आहे. पाणी, स्वच्छतागृहं आणि कुंपण यांवर पालकांचा एक रुपयाही खर्च करायचा नाही, त्यासाठी फक्त लेखी मागणी करायची. हेही त्याच बैठकीत ठरलं. मागणीपत्र तयार आहे, या आठवड्यात आम्ही पाच आया ते घेऊन जाणार आहोत. मेळाव्याआधी या पाचजणी एकमेकींना नावानेही ओळखत नव्हत्या.

पुढच्या मेळाव्याचे पैसे नळदुर्ग किल्ल्याच्या सहलीला वापरावेत असं मी सुचवणार आहे. शैक्षणिक सहलीला एसटीच्या भाड्यात निम्मी सवलत मिळते, उरलेलं आपण भरायचं. चौथीला इतिहास शिकणाऱ्या मुलांनी एक तरी किल्ला पायाखाली घालावा, तिथल्या बंधाऱ्यात बांधलेल्या पाणीमहालातून उतरून बघावं. हे परिशिष्टात कुठे नाही. ते आपणच केलं पाहिजे.

विडीवाल्या_घरची

सहलीवर माझी एक अट. सगळी मुलं, सगळं भाडं मेळाव्याच्या पैशातून. "ज्यांना शक्य आहे त्यांनी भरावं" असं म्हणायचं नाही. सहलीच्या दिवशी शाळेत मागे राहिलेल्या चार-पाच मुलांत मी असायचे आणि बाई आम्हाला शुद्धलेखन घालायच्या. एक मूल जरी मागे राहणार असेल तर सहल काढू नका. सगळी जाणार असतील तर डब्यांचं मी बघते, धपाटे आणि चटणी माझ्याकडून, आणि नाव कुठे लिहायचं नाही.

गुरुजी_निवृत्त

सहलीची परवानगी लवकर मागा, ऐनवेळी कागद अडतात. पैशाबद्दलचं माझं मत तेच आहे.

होटगी_रोडकर

माझंही तेच. मात्र पत्र द्यायला जाल तेव्हा दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. महिनाभरात उत्तर आलं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज मी लिहून देतो.