मदत हवी आहे: व्हर्च्युअल मशिनमध्ये ऑर्का आणि एनव्हीडीए एकदमच बोलतात

नमस्कार मंडळी,

नाशिकमधल्या छोट्या पतसंस्थांसाठी आम्ही जावा स्विंगमध्ये सॉफ्टवेअर बनवतो. पंचवटीतल्या एका संस्थेत काउंटरवरचे कर्मचारी अंध आहेत, ते विंडोजवर एनव्हीडीए (पडद्यावरचं वाचून दाखवणारा प्रोग्रॅम, म्हणजे स्क्रीन रीडर) वापरतात. दुसरीकडे परवान्याचा खर्च नको म्हणून उबुंटू (लिनक्स), म्हणजे तिथे ऑर्का हा स्क्रीन रीडर. दोन्हीकडचं तपासायला विंडोज ११ च्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स टाकून त्यात व्हर्च्युअल मशिन, म्हणजे संगणकातलाच दुसरा संगणक, बनवून उबुंटू घेतलंय.

आता त्या खिडकीत सुपर+ऑल्ट+एस दाबून ऑर्का सुरू केला, की बाहेरचा एनव्हीडीएही बडबडतो. नुसता गोंगाट! त्यात आज्ञा द्यायला इन्सर्ट कळ दोघांनाही हवी. ऑर्कासाठी दाबली, तर एनव्हीडीए ती मधल्यामध्ये गिळतो.

दुसरं म्हणजे, आमची व्हाउचरची स्क्रीन विंडोजवर नीट वाचली जाते, पण उबुंटूत टॅब दाबत बसा, ऑर्का मुकाट. फायरफॉक्स मात्र खडाखडा वाचतो, म्हणजे आवाजाचा घोळ नसावा.

आणि मॅकही असाच व्हर्च्युअल मशिनमध्ये टाकता येईल का?

प्रतिसाद:
मी स्वतः रोज एनव्हीडीएवरच काम करतो. तो बंद करू नका, झोपवा. व्हर्च्युअलबॉक्सची खिडकी समोर असताना एनव्हीडीए+शिफ्ट+एस दाबा (एनव्हीडीए कळ म्हणजे तुमची ती इन्सर्ट); लॅपटॉपची कळरचना निवडली असेल तर एसऐवजी झेड. त्या प्रोग्रॅमपुरता तो गप्प बसतो, कळाही आत जाऊ देतो.

व्हाउचरच्या स्क्रीनचं म्हणाल, तर विंडोजच्या जावासोबत अ‍ॅक्सेस ब्रिज येतो, तो जावाची स्क्रीन स्क्रीन रीडरपर्यंत पोचवतो. उबुंटूत त्याच कामाचं जावा-एटीके रॅपरचं पॅकेज वेगळं असतं, ते टाकलंय का बघा. इन्स्टॉलरमधून स्वतःचा जावा देत असाल, तर त्यालाही रॅपर जोडून द्या, नाहीतर तुमच्याकडे चालेल आणि गिऱ्हाइकाकडे नाही.

मॅकओएस व्हर्च्युअल मशिनमध्ये चालवायला अ‍ॅपलच्या परवान्यानुसार खालचं यंत्रही अ‍ॅपलचंच लागतं. कुणाचा तरी मॅक मागून आणा. कमांड+एफ५ ने व्हॉइसओव्हर, म्हणजे मॅकचा स्क्रीन रीडर, सुरू होतो.

आणि व्हर्च्युअल मशिनमध्ये बोलायला जो उशीर लागतो, तो लगेच सॉफ्टवेअरच्या माथी मारू नका.

मूळ धागाकर्ता:
दादा, झोपवल्यावर गोंगाट थांबला. रॅपर टाकला आणि व्हाउचरची स्क्रीनही बोलू लागली! फक्त पासबुक छापायचं बटण, ज्यावर नुसतं प्रिंटरचं चित्र आहे, तिथे ऑर्का 'बटण' एवढंच म्हणतो.

प्रतिसाद:
तिथे चूक ऑर्काची नाही. चित्राच्या बटणाला कोडमध्ये सेट-अ‍ॅक्सेसिबल-नेम वापरून 'पासबुक छापा' असं नाव द्या. नुसत्या टूलटिपवर (माउस नेल्यावर दिसणारी छोटी सूचना) भागवू नका, स्विंग ती वर्णनात टाकतं, नावात नाही.