मदत हवी आहे : टर्कीचा रस्सा, तोही ओव्हनशिवाय

मंडळी, औशाकडच्या आमच्या पाहुण्यांनी कोंबड्यांसोबत टर्कीही पाळल्यात. त्यातला एक नर साफ करून त्यांनी आम्हाला पाठवलाय. मांसच पाच किलोच्या वर भरलं! रविवारी घरी दहा-बारा माणसं जेवायला आहेत. माझ्याकडं कुकर, मोठं पातेलं अन् अंगणात चूल, एवढंच.

छातीच्या मांसात चरबी जवळपास नसते, त्यामुळं ते पटकन कोरडं पडतं. तंगड्या मात्र चिवट, शिरा जाडजूड, त्यांना सावकाशच शिजवावं लागतं. म्हणून दोन्ही वेगळं करायचं ठरवलंय. तंगड्यांचा रस्सा: भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण, काळा मसाला, अन् दाटपणाला शेवटी चमचाभर येसर (भाजलेल्या धान्य-डाळींचं मसालेदार पीठ) पाण्यात कालवून. छातीचे तुकडे दही, आलं-लसणात रात्रभर मुरवून तव्यावर सुकं.

आता सांगा, तंगड्यांना शिट्ट्या किती? गावरान कोंबड्याचा अंदाज चालेल का? छातीचं मांस आधी मिठाच्या पाण्यात ठेवावं म्हणतात. वर दह्यातही मीठ घातलं तर खारट नाही का होणार?

सासूबाई म्हणतात, "मटणासारखंच कर की, काय होतंय." पण मटणाला स्वतःची चरबी सुटते. इथं तर्री यायची कशी? नुसतं तेल ओतायचं मला पटत नाही.

हाडांची आळणी (बिनतिखटाचा पातळ रस्सा) काढणारच आहे, लेकरांना भातावर तीच लागते. उरलेलं मांस फ्रीजरमध्ये कच्चं ठेवू की शिजवून?

घरी खरंच केली असेल त्यांनीच सांगा बरं का, ओव्हनच्या रेसिपी नकोत.